नाव, नक्षी आणि सन : इराणी ठसेछाप कापडाच्या कालनिश्चितीची चिकित्सा

इराणी ठसेछाप सुती कापडाचा जुना नमुना संग्रहालयात किंवा जुन्या वस्तूंच्या पेढीवर पाहावयास मिळतो, तेव्हा त्याला जोडलेल्या चिठ्ठीवर बहुधा तीनच गोष्टी असतात : वस्तूचे नाव ‘कलमकार’, गावाचे नाव ‘इस्फहान’ आणि एखादे शतक. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी वाचणाऱ्यास माहिती वाटतात आणि तिसरी त्या माहितीचा स्वाभाविक निष्कर्ष वाटते. वस्तुतः ही तिन्ही विधाने एकमेकांपासून स्वतंत्र असून प्रत्येकास स्वतंत्र पुरावा लागतो. शतकाचा उल्लेख ज्या आधारांवर होतो ते आधार, म्हणजे नाव, नक्षी आणि कापडास आलेला पिवळसर जुनेपणा, हेच कालनिश्चितीच्या कामी सर्वांत दुबळे होत. कापडावरील पुराव्याचे स्वरूप नेमके काय आहे, तो किती सांगू शकतो आणि कोठे थांबतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१

‘कलमकार’ हा फारसी शब्द ‘कलम’ म्हणजे लेखणी आणि ‘कार’ म्हणजे काम यांचा समास होय. त्याचा शब्दशः अर्थ लेखणीचे काम. झां बाप्तीस्त ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याचा प्रवासवृत्तांत १६७६ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोवळकोंड्याच्या राज्यात, विशेषतः मछलीपट्टणच्या आसपास, तयार होणाऱ्या रंगीत कापडाचे याच कुळातील नाव तो देतो व ते कलमाने केलेले काम असल्याचा खुलासाही करतो. आज इस्फहानात मात्र ‘कलमकार’ या नावाने जे कापड ओळखले जाते ते लाकडी ठशांनी छापलेले असते. साधन बदलले, नाव टिकले.

शब्दार्थाच्या इतिहासात ही घटना मुळीच असाधारण नाही. मराठीतील ‘शाई’ हा शब्द फारसी ‘सियाही’पासून, म्हणजे काळेपणाच्या वाचक शब्दापासून आला, तरी ‘तांबडी शाई’ असे म्हणताना कोणासही विरोधाभास जाणवत नाही. शब्दाची व्युत्पत्ती त्या शब्दाच्या जन्मकाळाविषयी काही सांगते. त्या शब्दाने आज ओळखल्या जाणाऱ्या वस्तूच्या घडणीविषयी ती काहीच सांगत नाही. कापडाच्या अभ्यासात या साध्या नियमाचे उल्लंघन दोन परस्परविरुद्ध दिशांनी होते. काही जण ‘कलमकार’ हे नाव पाहून छापील कापडास हाताने रेखाटलेले मानतात. दुसरे काही जण कलम हेच मूळ आणि ठसा ही नंतरची अवनती असे गृहीत धरून, ठशाची खूण दिसताच कापडास उत्तरकालीन ठरवितात. दोन्ही तर्क शब्दावरून वस्तूकडे जाणारे आहेत. एकाच कापडावर बाह्यरेषा ठशाने आणि आतील काही तपशील हाताने भरलेला असू शकतो, ही वस्तुस्थिती दोन्ही तर्कांना सारखीच बाधक आहे.

फारसीत छापील सुती कापडास ‘चीत’ असा दुसराही शब्द आहे आणि अशा कापडाच्या कारागिरास ‘चीतसाज़’ म्हणतात. हा शब्द भारतीय भाषांतून गेलेला आहे. मराठीतील ‘चीट’ किंवा ‘छीट’, पोर्तुगीज ‘शिता’ आणि इंग्रजी ‘चिंट्झ’ ही त्याचीच भावंडे. भारतीय मालाने इराणच्या बाजारात किती खोलवर प्रवेश केला होता याची साक्ष या एका शब्दात आहे. परंतु शब्दाचे मूळ भारतीय म्हणून त्या शब्दाने ओळखला जाणारा प्रत्येक तुकडा भारतीय ठरत नाही. त्याचप्रमाणे तुकड्यावर फारसी अक्षरे आहेत म्हणून तो इराणी ठरत नाही.

२

हा शेवटचा मुद्दा अधिक स्पष्ट करणे आवश्यक आहे. कृष्णा नदीच्या मुखाजवळील मछलीपट्टण हे बंदर गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत इराणी व्यापाऱ्यांच्या वहिवाटीचे होते. गोवळकोंडा १६८७ साली मोगलांच्या हाती गेला तरी इराणसाठी कापड रंगविण्याचा तेथील व्यवसाय पुढेही दीर्घकाळ चालू राहिला. नमाजाच्या वेळी अंथरावयाची मिहराबाच्या आकाराची वस्त्रे, सरूची झाडे आणि मोर असलेले पडदे, कडेने फारसी मजकुराच्या चौकटी, असा माल तेथे इराणी गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार तयार होत असे. अशा मालाची नक्षी इराणी, अक्षरे फारसी आणि वापरही इराणी. हात मात्र आंध्र किनाऱ्यावरील कारागिराचा.

हे दोन प्रवाह वेगळे करण्याचा एक भक्कम आधार तांबड्या रंगात आहे. इराणात तांबडा रंग ‘रुनास’ या वनस्पतीच्या मुळांपासून काढीत. आपल्याकडील मंजिष्ठ त्याच कुळातली. मछलीपट्टणच्या परिसरात यासाठी चिरुवेरु या वेगळ्या वनस्पतीची मुळे वापरली जात. दोन्हींत मुख्य रंगद्रव्य अलिझरिन हेच आहे. परंतु रुनासात त्याच्या जोडीला पर्पुरिन असते, चिरुवेरूत ते नसते. धाग्याच्या सूक्ष्म अंशातील रंगद्रव्ये प्रयोगशाळेत पृथक् करून हा भेद दाखविता येतो. नक्षी हुबेहूब उतरविता येते, परंतु जमिनीतून काढलेल्या मुळाची घटना कारागिराच्या इच्छेने बदलत नाही. म्हणून येथे रसायनाची साक्ष नक्षीच्या साक्षीपेक्षा अधिक विश्वसनीय आहे.

या पद्धतीला चांगला पूर्वाधार आहे. इजिप्तमधील फुस्तात येथे सापडलेल्या ठसेछाप कापडांचे भारतीयत्व र. फिस्टर याने १९३८ साली प्रतिपादिले, तेव्हा त्याने रूपाबरोबरच रंगांच्या रासायनिक परीक्षेचा आधार घेतला होता. मात्र या साक्षीलाही कालमर्यादा आहे. कृत्रिम अलिझरिन दोन्ही देशांत पोहोचल्यानंतर तांबड्या रंगावरून देश ओळखण्याची ही वाट बंद होते. रंग त्यानंतर देश सांगेनासा होतो; काळ मात्र सांगू लागतो.

३

नक्षीवरून काळ ठरविण्याची प्रथा सर्वांत जुनी आहे आणि सर्वांत फसवीही आहे. ठसा ही पुनरावृत्तीसाठीच निर्माण झालेली वस्तू. तो झिजला की त्याच्याच छापावरून नवा कोरला जातो. त्यामुळे नक्षीचे आयुष्य ठशाच्या आयुष्याहून आणि ठशाचे आयुष्य कापडाच्या आयुष्याहून मोठे असू शकते. ज्या आकृतीला मराठीत कोयरी, फारसीत बूते आणि युरोपात स्कॉटलंडमधील पेझली या गावावरून नाव मिळाले, तिच्या आधारे शतक सांगू पाहणे हे ‘आई’ या शब्दाच्या आधारे एखाद्या मराठी ग्रंथाचा काळ सांगू पाहण्यासारखे आहे.

जुन्या विषयाची नक्षी म्हणजे जुने कापड हाही असाच एक भ्रम होय. तख्त-ए-जमशीद येथील शिल्पांची अनुकृती असलेले पडदे पाहून त्यांना प्राचीन परंपरेचे मानण्याचा मोह होतो. परंतु या शिल्पांची रेखाचित्रे असलेला फुर्सत शिराज़ी याचा ‘आसार-ए-अजम’ हा ग्रंथ हिजरी १३१४ मध्ये, म्हणजे १८९६ च्या सुमारास, मुंबईत शिळाछापावर छापला गेला, आणि शिकागोच्या प्राच्यविद्या संस्थेने तेथील पद्धतशीर उत्खनन १९३१ ते १९३९ या काळात केले. प्राचीन इराणचे आकर्षण हे कजार काळाच्या उत्तरार्धाचे व त्याहूनही अधिक पहलवी काळाचे वैशिष्ट्य होते. अशा नक्षीवरून काही अनुमान काढावयाचेच झाल्यास ते कापड अलीकडचे असण्याच्या बाजूचे आहे.

सिंह आणि सूर्य या राजचिन्हाचा उपयोग याहून थोडा अधिक होतो. कजार काळातील सूर्यास सामान्यतः स्त्रीमुख असे. रझा शाहच्या राजवटीत अधिकृत चिन्हातील ते मुख लोपले. आणि १९७९ च्या क्रांतीनंतर हे चिन्हच राज्याच्या वापरातून गेले. तथापि हा बदल अधिकृत चिन्हाचा होता, बाजारातील ठशांचा नव्हे. मुखयुक्त सूर्याचा जुना ठसा छापणाऱ्याच्या फळीवर असेल तर तो राजाज्ञेने आपोआप नाहीसा होत नाही.

तर मग नक्षी सर्वस्वी निरुपयोगी आहे काय? तसे नाही, तिचा उपयोग कसा करावयाचा हे पाठचिकित्सेने दाखवून दिले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. त्या प्रकारच्या संपादनात हस्तलिखितांचे नाते समान शुद्ध पाठांवरून नव्हे, तर समान प्रमादांवरून व समान प्रक्षेपांवरून ठरविले जाते. भाषांच्या वर्गीकरणातही हाच न्याय आहे : समान वारसा जवळचे नाते सिद्ध करीत नाही, समान नवपरिवर्तन करते. कापडाच्या बाबतीत ‘प्रमाद’ म्हणजे ठशाला गेलेला तडा, तुटलेला पाकळीचा कोपरा, कीड लागून पडलेले छिद्र. दोन तुकड्यांवर तोच तडा त्याच ठिकाणी दिसला तर ते एकाच ठशाचे छाप होत. एकावर तडा बारीक व दुसऱ्यावर रुंद असेल तर पहिला छाप आधीचा. अशा रीतीने सनाचा उल्लेख नसतानाही छापांचा पूर्वापर क्रम लावता येतो. यासाठी संग्रहालयांनी संपूर्ण कापडाच्या छायाचित्राबरोबर एकेका ठशाच्या छापाचे मोजमापासह छायाचित्र प्रसिद्ध करणे अगत्याचे आहे.

४

कापडाचा पिवळसर रंग ही जुनेपणाची खूण समजली जाते. येथे इस्फहानच्या प्रक्रियेकडे लक्ष दिले पाहिजे. कोरे कापड धुऊन डाळिंबाच्या सालीच्या किंवा हिरड्याच्या काढ्यात बुडवितात. त्यातील तुरट द्रव्यामुळे रंग पकडण्यास मदत होते आणि कापडास पिवळसर छटा येते. त्यावर प्रथम लोहयुक्त मिश्रणाने काळा ठसा उमटवितात, नंतर तुरटीच्या मिश्रणाने तांबड्याची जागा छापतात. मग कापड तांबड्या रंगाच्या कढईत उकळतात, ज़ायंदे-रूद नदीत धुऊन काठावर पसरतात, आणि निळ्या व पिवळ्या रंगांचे ठसे त्यानंतर उमटवितात. अलीकडच्या दशकांत ही नदी वारंवार कोरडी पडत असल्याने धुण्याची ही रीत पूर्वीसारखी राहिलेली नाही. आपल्या दृष्टीने मुद्दा असा की, पिवळसरपणा हा काळाने दिलेला नसून डाळिंबाच्या सालीने दिलेला आहे. तो पहिल्याच दिवशी असतो. काळ्या रेषांच्या जागी कापड विरलेले दिसणे हीदेखील वयाची निर्णायक खूण नव्हे, कारण लोह आणि तुरट द्रव्य यांच्या संयोगाने सुती तंतू क्षीण होतोच. तो किती लवकर क्षीण होईल हे ऊन, ओल आणि वापर यांवर अवलंबून असते.

याउलट पुढील खुणांना निश्चित सन आहेत. कृत्रिम अलिझरिनचा शोध जर्मनीत १८६८ साली लागला व पुढील वर्षापासून त्याचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. आरंभीच्या कृत्रिम मालात अँथ्रापर्पुरिन व फ्लेव्होपर्पुरिन ही उपद्रव्ये आढळतात. ती सापडली तर कापड १८६९ पूर्वीचे नव्हे. कृत्रिम नीळ बाजारात आली १८९७ साली. सुताला टिकाऊ चकाकी देणारी, ताण देऊन करावयाची क्षारप्रक्रिया १८९० नंतरची. अतिनील प्रकाशात निळसर चमकणारी शुभ्रक द्रव्ये कापडाच्या व साबणाच्या धंद्यात रुळली ती १९४० च्या दशकापासून. मात्र जुने कापडही आधुनिक साबणाने धुतले की असेच चमकते, म्हणून हा पुरावा वापरताना चमक सर्वत्र आहे की एखाद्याच ठिगळापुरती व डागापुरती आहे हे पाहावे लागते.

किरणोत्सारी कर्बाच्या परीक्षेविषयीही अवास्तव अपेक्षा आढळतात. सतराव्या शतकाच्या मध्यापासून १९५० पर्यंतच्या काळात या परीक्षेचे मापन इतके संदिग्ध येते की, सफवी काळाच्या अखेरचे कापड आणि कजार काळाच्या अखेरचे कापड तिच्याने वेगळे करता येत नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून झालेल्या अणुस्फोट चाचण्यांमुळे मात्र त्यानंतर वाढलेला कापूस ती अचूक ओळखते. म्हणजे नकली ‘प्राचीन’ कापड उघडे पाडण्यास ती समर्थ आहे, खऱ्या जुन्या कापडाचे शतक सांगण्यास नाही.

५

आता कापडावर सन छापलेला असतो त्या प्रसंगाचा विचार करू. अभ्यासकास हा प्रसंग सर्वांत सोपा वाटतो आणि म्हणूनच तेथे तो सर्वांत कमी सावध असतो.

पहिली अडचण पंचांगाची आहे. इराणात १९२५ पर्यंत चांद्र हिजरी सन प्रचलित होता. त्या वर्षी सौर हिजरी सन अधिकृत झाला. दोहोंचा आरंभबिंदू एकच, परंतु चांद्र वर्ष लहान असल्याने आकडे भिन्न पडतात. ‘१३१३’ हा आकडा चांद्र असेल तर तो १८९५-९६ दर्शवितो. सौर असेल तर १९३४-३५. सुमारे ३९ वर्षांचे हे अंतर म्हणजे कजार आणि पहलवी या दोन राजवटींमधले अंतर होय. १९७६ ते १९७८ या अल्पकाळात तर २५३५ पासूनचे शाही सन वापरात होते. आकड्याशेजारी महिन्याचे नाव असेल तर निर्णय सोपा होतो : फर्वर्दीन हा महिना सौर वर्षाकडे निर्देश करतो, रमज़ान चांद्र वर्षाकडे.

आकडा एकटाच असेल तर भाषेची साक्ष उपयोगी पडते. १९२५ सालीच इराणात कुलनाम सक्तीचे झाले व जुने किताब रद्द झाले. त्यामुळे कारागिराचे नाव उस्ताद, स्वतःचे नाव व गावाचे विशेषण अशा जुन्या पद्धतीने आले आहे की नोंदणीकृत कुलनामासह, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. परभाषेतील चिठ्ठीवर देशाचे नाव ‘पर्शिया’ आहे की ‘इराण’, हेही पाहावे. कारण परराष्ट्रांनी ‘इराण’ हेच नाव वापरावे अशी विनंती त्या सरकारने १९३५ साली केली. यांपैकी एकही खूण एकटी निर्णायक नाही, परंतु तीन खुणा एकाच दिशेने गेल्या तर निष्कर्षास बळ येते.

लेखातील शब्दही काळजीपूर्वक वाचावे लागतात. ‘अमल’ या शब्दापुढे येणारे नाव काम करणाऱ्याचे, तर ‘फर्माइश’ या शब्दापुढे येणारे नाव काम सांगणाऱ्याचे. मराठीत ‘फर्माईश’ मूळ अर्थाजवळ राहिला, ‘अंमल’ मात्र सत्तेच्या अर्थाकडे वळला. त्यामुळे मराठी वाचकाची येथे उलट गल्लत होण्याचा संभव आहे. व्यापाऱ्याचे नाव कारागिराचे म्हणून सूचीत चढले की ते पुढील प्रत्येक सूचीत तसेच उतरत जाते.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. सन ठशात कोरलेला असेल तर तो ठशाचा सन आहे, छापाचा नव्हे. तोच ठसा पुढील कित्येक वर्षे त्याच आकड्यासह उमटत राहील. मुखपृष्ठावर पहिल्या आवृत्तीचे वर्ष असलेले पुस्तक दहाव्यांदा छापले तरी ते वर्ष बदलत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणजे ज्या एका पुराव्याला आपण नेमका समजतो तोही वास्तविक ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगतो.

६

वरील सर्व विवेचन एका कल्पित उदाहरणावर तपासून पाहावे. एक पडदा आहे. त्यावर मिहराब, सरूची दोन झाडे, मुखयुक्त सूर्य आणि १३१३ हा आकडा. सूत यंत्रावर काढलेले, समान जाडीचे. तांबड्यात कृत्रिम अलिझरिनची उपद्रव्ये. एका कोपऱ्यातील ठिगळ तेवढे अतिनील प्रकाशात चमकते. संग्रहालयाच्या दाखलवहीत १९५० साली खरेदीची नोंद. प्रचलित पद्धतीने या पडद्याची चिठ्ठी ‘कलमकार, इस्फहान, एकोणिसावे शतक’ अशी लिहिली जाईल. चिकित्सक पद्धतीने असे म्हणता येईल : कापड गिरणीचे असू शकेल, व ती गिरणी मँचेस्टरची की मुंबईची की इराणातील, हे सूत सांगत नाही, रंगकाम १८६९ नंतरचे, ठसा १८९५-९६ किंवा १९३४-३५ चा, छाप त्या वर्षापासून १९५० पर्यंतचा, ठिगळ बहुधा नंतरचे, आणि तांबडा रंग कृत्रिम असल्याने छपाईचा देश रंगावरून सिद्ध होत नाही, तो ठशांच्या तुलनेवरूनच ठरवावा लागेल.

दुसरे उत्तर पहिल्याइतके सुटसुटीत नाही, परंतु त्यातील प्रत्येक विधान खोडून दाखविता येण्याजोगे आहे, आणि शास्त्रीय विधानाचा हाच गुण. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात येते : वरची मर्यादा, म्हणजे १९५० हे साल, कापडाने दिलेली नाही. ती दाखलवहीने दिली. रॉबर्ट मर्डॉक स्मिथ याने १८७० च्या व १८८० च्या दशकांत लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयासाठी इराणी वस्तूंची जी खरेदी केली तिचे मोल यामुळेच आहे. तीतील वस्तू खरेदीच्या सालानंतरची असूच शकत नाही, आणि तिच्याशी तुलना करून इतरत्रच्या तारीख नसलेल्या वस्तूंची परीक्षा करता येते. संग्रहालयाची शुष्क नोंदवही ही या क्षेत्रात सुंदर नक्षीपेक्षा अधिक बोलकी ठरते.

७

या साऱ्या काटेकोरपणाचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिक आहे. पन्नास वर्षांची चूक झाली तर पडद्याच्या सौंदर्यात उणे येत नाही हे खरे. परंतु चिठ्ठीवरील प्रत्येक चुकीने कोणाचे तरी काम दुसऱ्याच्या नावावर जाते. मछलीपट्टणच्या कारागिराने इराणी गिऱ्हाइकासाठी रंगविलेले वस्त्र इस्फहानच्या नावे लागले की आंध्र किनाऱ्यावरील रंगाऱ्याच्या हाताची एक साक्ष पुसली जाते. इस्फहानच्या बाजारात १९३४ साली हातावर कातडी पट्टा बांधून दिवसभर ठशावर मूठ मारणाऱ्या माणसाचे काम अठराव्या शतकात ढकलले की त्यास अधिक किंमत येते, पण तो माणूस नाहीसा होतो. जुने तेच मोलाचे, हा बाजाराचा निकष आहे. संशोधनाने तो स्वीकारला तर आपल्या साधनांचा उपयोग बाजाराच्या सोयीसाठी होऊ लागतो.

म्हणून सूचीतील नोंदीचे स्वरूपच बदलणे इष्ट. कापड कोठे विणले, कोठे छापले, ठसा केव्हाचा, छाप केव्हाचा आणि वस्तू प्रथम केव्हा नोंदली गेली, हे पाच रकाने स्वतंत्र असावेत, आणि ज्या रकान्यास पुरावा नाही तो रिकामा सोडावा. रिकामा रकाना पुढील अभ्यासकास कोठे शोध घ्यावयाचा हे सांगतो. अंदाजाने भरलेला रकाना तो शोधच थांबवितो.